पत्र्यावरचा थर किती जाड? चुंबकापासून मीटरपर्यंत



आपल्या वांगणी-बदलापूर भागात पावसाळा म्हणजे छपराच्या पत्र्याची परीक्षाच. लोखंड गंजू नये म्हणून पत्र्यावर जस्ताचा थर देतात. थर पातळ असला की पत्रा लवकर गंजतो. पण दुकानात सगळे पत्रे सारखेच चकाकतात! मग थर न खरवडता मोजायचा कसा? पाचवी ते सातवीच्या मुलांना हे सहज समजतं.

साहित्य : लहान चुंबक, लोखंडी कपाट, कोऱ्या कागदांचा गठ्ठा, पट्टी.

कृती :
१. ५०० कागदांच्या गठ्ठ्याची जाडी मोजा. साधारण ५ सेंमी भरते. म्हणजे एक कागद ०.१ मिमी, अर्थात १०० मायक्रॉन.
२. चुंबक कपाटाला चिकटवा. मध्ये एकेक कागद वाढवत जा. कितव्या कागदाला चुंबक घसरला, ते वहीत लिहा.

निष्कर्ष : मधलं अंतर वाढलं की चुंबकाची ओढ कमी होते.

मीटर हेच करतो. त्याच्या टोकात तारेचं वेटोळं असतं. वीज सोडली की ते चुंबक बनतं. लोखंड जवळ असेल तर परिणाम जास्त, थर जाड असेल तर कमी. हा फरक मोजून मीटर मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतो. आधी थर नसलेल्या लोखंडावर शून्य लावतात, मग पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढतात. रंगीत पत्र्यावर मात्र रंग आणि जस्त यांची एकत्र जाडी दिसते.

मुलं विचारतील, "ॲल्युमिनियमच्या खिडकीला चुंबक चिकटत नाही, तिचा रंग कसा मोजणार?" तिथे वेटोळ्यात फार वेगाने दिशा बदलणारी वीज सोडतात. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात. थर जाड, तर हे भोवरे क्षीण.

आता गणित. पत्र्यावरचा '२७५ जीएसएम' म्हणजे एक चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला १३७.५ ग्रॅम. १ मायक्रॉन थराला ७.१४ ग्रॅम जस्त लागतं. म्हणून जाडी सुमारे १९ मायक्रॉन. '१२०' च्या पत्र्यावर फक्त ८! दुपटीहून जास्त फरक, पण डोळ्यांना दिसत नाही. एका कागदाच्या जाडीपुढे दोन्ही थर पातळच.

पालकहो, पत्रा घेताना जाडीबरोबर जीएसएमही विचारा आणि बिलावर लिहून घ्या. अंबरनाथ-बदलापूर एमआयडीसीत कोटिंगचं काम करणारे पालक असतील, तर शिक्षकांनी त्यांना वर्गात जरूर बोलवावं.

घरचा अभ्यास : १८० जीएसएमच्या पत्र्यावर एका बाजूला किती मायक्रॉन जस्त असेल?