परसातल्या काजूची बी : वेचणी, वाळवण आणि भाजणी



आजरा-चंदगड भागात बऱ्याच घरांच्या परसात काजूची एक-दोन झाडे असतातच. पण ऊसतोडणीचे शेवटचे आठवडे आणि बी गळायची वेळ नेमकी एकच. माणसं फडात, बी झाडाखाली. मग सवड मिळेल तेव्हा काठीने झोडपायची आणि ओलीच बाजारात न्यायची, असा प्रकार चालतो. यात नुकसान घरचेच.

उसाचा आणि काजूचा नियम उलटा आहे. तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. काजूच्या बीला मात्र धीर धरावा लागतो. काजूत आधी बी वाढते, बोंड मागून फुगते. हिरवी बी मोठी दिसते म्हणून लोक फसतात. ती पुढे थोडी आकसते, राखी रंगाची आणि टणक होते, तेव्हा आतला गर भरतो. उसळीसाठी ओले गर हवेत तर हिरवी काढा, पण साठवायची किंवा विकायची बी बोंडासकट आपोआप पडलेलीच घ्यावी.

हंगामाआधी झाडाखालची जागा झाडून साफ ठेवावी व बी रोजच्या रोज वेचावी. वळिवाच्या पावसात भिजून पडलेली बी काळी पडते. बोंड पिळून वेगळे करावे. बीला त्याचा गर चिकटून ठेवू नये, तिथूनच बुरशी धरते. मग बी बादलीभर पाण्यात टाकावी. तळाला जाईल ती भरलेली, तरंगेल ती पोचट. ती वेगळीच ठेवा.

त्यानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे, पातळ पसरून व अधूनमधून हलवून. रात्री गोळा करून झाकावी. अंगठ्याचे नख दाबून टरफलात उमटले नाही म्हणजे बी वाळली. वजन घटते म्हणून काहीजण वाळवायला नाराज असतात. हिशेब करून पाहा: बीत शेकडा 20 पाणी असेल आणि ते 8 वर आणले, तर 100 किलोचे 87 किलो भरतात. पण ओल्या मालाला व्यापारी घट धरतो ती आपल्या हिशेबाने नव्हे, त्याच्या हिशेबाने! शिवाय वाळलेली बी दर पाहून विकता येते. गोणपाटात भरून, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

आता घरच्या भाजणीचे. इथे खरा धोका आहे. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. टरफलातले तेल बिब्ब्यासारखेच उतते. कच्ची बी दाताने फोडणारी पोरं ओठ सुजवून बसतात, तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवावी. भाजणी घरातल्या चुलीवर कदापि करू नये. अंगणाबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून, तळाला भोके पाडलेल्या जुन्या पत्र्यावर करावी. लांब काठीने सतत हलवावे. तेल सुटून पेट घेते आणि धूर डोळ्यांना, छातीला झोंबतो. पोरं आणि दमेकरी माणसं लांब ठेवावीत. टरफल काळे झाले की बी लगेच राखेत किंवा कोरड्या मातीत ओतावी; आग विझते, तेलही टिपले जाते. पाणी मारू नये.

पूर्ण गार झाल्यावर हाताला राख किंवा खोबरेल चोळून, कडेवर उभी धरून, लाकडी दांड्याने हलकेच फोडावी. घण घातल्यासारखे मारले तर पाकळ्या आणि तुकडे हाती येतात. गर थोडा गरम केला की तांबडी साल चोळून सुटते. चांगल्या बीत शंभर किलोमागे साधारण 25 ते 30 किलो गर निघतो. परसातल्या 10 किलोत अडीच-तीन किलो धरा.

तेल अंगाला लागल्यास साबणाने धुवावे, तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेलेच तर भरपूर पाण्याने धुऊन सरळ डॉक्टरांकडे जावे. फोडलेली टरफले न्हाणीच्या चुलीत घालायची सवयही मोडावी. त्यांचाही धूर तसाच.