पाचवे शील आणि आपले कान



पाचव्या शिलावर बोलताना आपण घर, पैसा आणि संसार यांचे नुकसान सांगतो. ते खरेच आहे. पण आज मी तुम्हाला एका लहानशा जागी नेणार आहे : जयंतीच्या कार्यक्रमात हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या टेबलापाशी.

काही वर्षांपूर्वी तिथे मीच बसलो होतो. साउंड सांभाळणे ही माझी नेहमीची सेवा. त्या संध्याकाळी कार्यक्रमाआधी मित्रांबरोबर दोन बिअर झाल्या होत्या. भीमगीते सुरू झाली आणि मला वाटले, इतका सुंदर आवाज मी आजवर लावलाच नव्हता. ढोलकी वर, बास वर, मग सगळेच थोडे वर. नंतर जेवणाच्या रांगेत एक आजी म्हणाल्या, "बाळा, बाबासाहेबांचं नाव तेवढं ऐकू आलं. बाकी शब्द काही कळले नाहीत." दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकले. आजींचे बरोबर होते.

हे का घडते ते पाहा. दारूमुळे कानाची हलका आवाज पकडण्याची क्षमता तात्पुरती कमी होते. खालच्या कंपनसंख्यांवर हा परिणाम जास्त दिसतो, आणि बोलणे उमगायला महत्त्वाचा असलेला १००० हर्ट्झच्या आसपासचा भागही त्यातून सुटत नाही. शिवाय मधल्या कानात एक अगदी बारीक स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आत जाणारा जोर कमी करतो. दारू प्यायल्यावर तो आणखी मोठा आवाज आल्याशिवाय जागा होत नाही. म्हणजे माणूस आवाज वाढवत जातो आणि दारावरचा पहारेकरी पेंगतो. त्यात भर म्हणजे आवाज जितका मोठा, तितका बास आपल्याला अधिक भरलेला वाटतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. मला 'सुंदर' वाटले ते हेच.

नुकसान मात्र माझ्या एकट्याचे नव्हते. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात ८ तास, ही अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. आपल्या कार्यक्रमात स्पीकरच्या समोर कोण बसते? लहान मुले. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आता गांजाचा प्रश्न. आपण राहतो त्यातल्या काही ठिकाणी तो कायदेशीर झाला आहे, आणि आपली तरुण मुले विचारतात, "गाणं जास्त खोल ऐकू येतं, मग बिघडलं कुठे?" सुख वाढते हे मी नाकारत नाही. पण धम्माची भाषा इथे उपयोगी पडते. कान, शब्द आणि श्रोत्रविज्ञान एकत्र येतात तेव्हा स्पर्श होतो, आणि स्पर्शातून वेदना, म्हणजे सुखद, दुःखद किंवा तटस्थ अनुभव. वेदना सुखद झाली म्हणून पारख वाढली असे होत नाही. दोन स्पीकरची तुलना करायची तर पहिल्याचा आवाज मनात धरून ठेवावा लागतो, आणि त्यातले बारकावे काही सेकंदांतच पुसट होतात. गांजा नेमकी हीच अल्पकालीन स्मृती दुबळी करतो, वेळेचे भानही ताणतो. मग तुलना कशाची कशाशी झाली?

औषधांची गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी दिलेले औषध घेणे म्हणजे शीलभंग नव्हे, ते बंदही करू नका. मात्र झोप आणणारी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी मिक्सर दुसऱ्याकडे द्या.

सोण थेराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. तो गृहस्थ असताना उत्तम वीणा वाजवत असे. भगवंतांनी त्याला विचारले की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा सुरात वाजते का. हा प्रश्न विचारता आला, कारण समोरच्याला सुरातली आणि बेसूर तार ओळखता येत होती. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू सोडण्याची प्रतिज्ञा घातली, ती या ओळखण्याच्या शक्तीसाठीही होती असे मला वाटते.

नुसते शुद्धीत असणे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. महागडा स्पीकर चांगलाच वाजणार, असे मन आधीच ठरवते. दोनपैकी एक किंचित मोठा वाजत असेल तर तोच सरस वाटतो. कालाम सुत्तातला तपासून घेण्याचा उपदेश आपल्या कानांनाही लागू करा.

येत्या रविवारी घरी करून पाहा. ज्याचे शब्द तुम्हाला पाठ नाहीत असे एक भीमगीत निवडा. दोन स्पीकर किंवा दोन सेटिंग घ्या आणि दोन्हींचा आवाज मोबाइलमधल्या डेसिबल मीटरने सारखा करा. घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे बदल करायला सांगा. कोणते चालू आहे ते त्यांनी बोलायचे नाही. प्रत्येक वेळी किती शब्द कळले ते कागदावर लिहा, निदान दहा वेळा. मग कागद उलगडा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी मिक्सरवर बसण्याआधी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसा, शेजारच्या आजींना विचारा.

नमो बुद्धाय. जय भीम.