गिरिराजची अंडी, गावरान कोंबडीची ऊब

प्रश्न : आमच्या गिरिराज कोंबड्या खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावीत का?
– एक वाचक, भालकी तालुका

उत्तर : जरूर ठेवा. कळपात कोंबडा मात्र हवा. गिरिराजमध्ये खुडूकपणा जवळजवळ उरलेला नाही. ते काम गावरान कोंबडीच मनापासून करते. अंडी मोठी, म्हणून 8-10च ठेवा. पंखाबाहेर राहिलेलं अंडं गार पडतं. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, धुऊ नका. 7व्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की समजा, पिल्लू धरलंय. स्वच्छ दिसलेलं काढून टाका. 21व्या दिवशी पिल्लं निघतात. शेवटचे 3 दिवस अंड्यांना हात लावू नका. आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली कोंबडी बसवू नका, तिचे हाल होतात.