फिरिश्त्याची तवारीख वाचताना

डिचोली आणि पेडणे या महालांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पोर्तुगीज कागदांपासून सुरुवात करतो. परंतु 1510 मध्ये तिसवाडी आदिलशाहीच्या हातून गेली, तरी डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे आले. मधली सुमारे पावणेतीनशे वर्षे हा मुलूख आदिलशाही व पुढे सावंतवाडीकर भोसले अशा दख्खनी सत्तांखाली होता. म्हणून विजापूर दरबारच्या फारसी तवारिखांकडे पाठ फिरवून चालणार नाही, असे मला वाटते.

त्यांतील मुख्य ग्रंथ मुहम्मद कासिम फिरिश्ता याचा ‘गुलशन-इ-इब्राहिमी’. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिलेला हा ग्रंथ हिजरी 1015 (इ. स. 1606-07) मध्ये सिद्ध झाला. लेखकाने पुढेही त्यात भर घातली. त्यामुळे सर्व नकला सारख्या नाहीत. 1831-32 मध्ये मुंबईत तो शिळाछापावर निघाला, पण त्याआधी सव्वादोनशे वर्षे तो नकलनविसांच्या हातांतूनच फिरला.

नवख्या अभ्यासकाने येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, नुक्ते. जुने लेखक ‘पे’ला तीनऐवजी एकच नुक्ता देतात, मग ‘पे’चा ‘बे’ होतो. फारसीत ‘ड’ नाही, तेथे ‘दाल’ येतो. म्हणजे ‘पेडणे’ हे नाव ‘बेदनी’ असेही वाचले जाईल. ‘चे’चा ‘जीम’ झाला की डिचोलीची ‘दिजोली’ होते. ‘गाफ’ची वरची रेघ गळाली, तर खुद्द गोव्याचा ‘कोवा’ होतो.

दुसरी, तरकीमा. नकलेच्या शेवटी लेखनिकाने दिलेला काळ हा नकलेचा असतो, ग्रंथाचा नव्हे.

तिसरी, अंतर. 1510 ची हकीकत फिरिश्ता जवळजवळ शंभर वर्षांनी लिहितो, आणि तीही दरबाराच्या नजरेतून. गावची वहिवाट त्याच्याकडे मागू नये. ती मोडी कागदांत शोधावी.

त्या मोडी कागदांतही जमाबंदी, तर्फ, मामला, इनाम हे शब्द फारसीच्याच वाटेने आले आहेत. ते नीट उलगडले नाहीत, तर आपल्याच देसायांच्या सनदा आपल्याला मुक्या राहतील. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड सिद्ध करून मराठी वाचकाला ही वाट दाखविली आहे. आमच्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी जरी फारसी अक्षरओळख करून घेतली, तरी एका नुक्त्यापायी हरवलेले एखादे गाव पुन्हा सापडेल.