आधी तण ओळखा, मग बिल द्या

घरापुढच्या लॉनमध्ये पावसाळ्यात जे जे उगवतं ते सगळं एकाच खुरप्याने काढायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. माळी तेच करतो, कंत्राटदार त्याला तेच करायला सांगतो आणि मालक पायरीवर उभा राहून ‘तिकडे कोपऱ्यात राहिलं बघा’ म्हणत तेच करवून घेतो. लॉनवर वाया जाणाऱ्या पैशांचं मूळ या रीतीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एका तणाला जो उपाय लागू पडतो, त्यानेच दुसरं तण फोफावतं. त्यामुळे समोर नेमकं काय उगवलंय हे न बघता खुरपणी करवून घेणं म्हणजे पुढच्या महिन्यात तीच मजुरी पुन्हा मोजायची तयारी ठेवणं. आणि ज्याच्या खिशात ती मजुरी जाते तो काही आपण होऊन ‘साहेब, हे खुरपून जाणाऱ्यातलं नाही’ असं सांगायला येत नाही. हे कडवट वाटेल. वाटू दे. ज्यांनी चौरस फुटाच्या भावाने हिरवी गादी अंथरून घेतली आणि वर्षभरात तिचं कुरण झालेलं पाहिलं, त्यांना वाटणार नाही.

पुराव्यादाखल लव्हाळा पुरे. लांबून तो गवतच वाटतो आणि तिथेच फसगत होते, कारण तो गवताच्या कुळातला नाहीच. त्याची खूण बोटांना कळते. फुलोऱ्याचा दांडा मुळाशी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल नाहीतर चपटा, बहुधा आतून पोकळ आणि पेरापेराचा असतो. लव्हाळ्याचा दांडा भरीव, बिनपेरांचा आणि तिधारी. फिरवताना तीन कडा बोटांना स्वच्छ लागतात. पानं दोन बाजूंना नाही, तर तीन दिशांना फुटलेली, गडद आणि तुकतुकीत. मशीन फिरवून लॉन एकसारखं केलं की दोन-तीन दिवसांत जी पाती बाकीच्यांच्या वर डोकं काढते ती बहुधा हीच. पण खरा कारभार मातीखाली आहे. तिथे तारेसारख्या बारीक खोडांवर हरभऱ्याएवढ्या, वरून काळपट आणि आतून पांढऱ्या गाठींची माळ असते. गाठ नखाने सोलली तर ओळखीचा वास येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच घराण्यातला. माळ अखंड असते तोवर टोकाकडची गाठ बाकीच्या गाठींचे डोळे दाबून ठेवते. खुरप्याने माळ तुटली की तो दाब जातो आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. म्हणजे वरवरच्या खुरपणीने लव्हाळा कमी होत नाही, त्याची पैदास होते. जगभरच्या तणांचा आढावा घेणारा हॉम आणि त्याच्या सहकाऱ्यांचा जो जाडजूड ग्रंथ १९७७ मध्ये आला त्यात पहिला क्रमांक याच लव्हाळ्याचा लागला होता. दुसरा क्रमांक कुणाचा, तर हरळीचा, म्हणजे जिचं आपण कौतुकाने लॉन लावतो तिचाच.

आता लॉन लावून देणाऱ्यांचं ते ठरलेलं वाक्य: ‘पाऊस पडला की येतंच हो, हवेतून बी उडतं.’ एकदांडीच्या बाबतीत हे खरं आहे, तिच्या बियांना केसांची छत्री असते. लव्हाळ्याच्या बाबतीत ती शुद्ध थाप आहे. लव्हाळ्याला तांबूस-तपकिरी तुरा येतो, पण त्यातलं बी क्वचितच रुजतं. त्याचा पसारा होतो तो गाठींनी, आणि गाठीला पंख नसतात. तेव्हा नव्या लॉनमध्ये पहिल्या काही महिन्यांतच जागोजागी लव्हाळा दिसू लागला तर तर्काने तीनच शक्यता उरतात. तो ब्रासच्या हिशेबाने आणून टाकलेल्या तांबड्या मातीतून आला, नर्सरीतल्या गादीच्या मुळांबरोबर आला, किंवा आधीपासून जागेतच होता आणि जमीन तयार करणाऱ्याने तो पाहूनही वर माती पसरली. तिन्ही बाबतींत जबाबदारी कुणाची हे सांगायला वकील नको. तरी विचारायला जावं तर आधी मौन, मग ‘तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम असेल’, आणि त्यानंतर वार्षिक देखभालीच्या कंत्राटाचा कागद. ज्याच्या मालातून रोग आला तोच औषधाचं मासिक बिल लावतो, हा यातला सगळ्यात चीड आणणारा भाग.

कच्च्या शेणखताचीही हीच गत आहे. गुरांनी खाल्लेल्या तणाचं बी पोटातून बऱ्याच प्रमाणात जिवंत बाहेर पडतं. ढीग नीट रचून, उलथापालथ करून आतून चांगला तापू दिला, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत, तरच ते मरतं. ‘एकदम कुजलेलं आहे’ म्हणून विकलेल्या खतात शेणाचे गोळे आणि काड्या ओळखू येत असतील तर ते कुजलेलं नाही, एवढं कुणालाही दिसतं. यावर साधी, फुकट परीक्षा आहे आणि ती कुणीही सांगत नाही: माती आणि खत पूर्ण ट्रक उतरवून घेण्याआधी दोन-तीन कुंड्या भरतील एवढा नमुना मागवा, उन्हात ठेवा, रोज पाणी द्या आणि पंधरवडाभर थांबा. उबदार दिवसांत लव्हाळ्याची गाठ तेवढ्यात कोंब दाखवते. पुरवठादार म्हणेल, इतका वेळ कोण थांबतं? ज्याचा माल चोख आहे तो थांबतो.

रुंद पानांच्या तणांचं गणित निराळं आणि पुष्कळ सोपं आहे, पण तिथेही ओळख चुकली की श्रम फुकट. आंबुटी पाहा. हृदयाच्या आकाराची तीन-तीन पानं, पिवळं पाच पाकळ्यांचं फूल, चावली तर आंबट. तिच्या उभ्या शेंगा पिकल्या की बोट लागताच बी टणाटण दूर उडतं. म्हणून शेंगा धरल्यावर ती खसाखस ओढणं म्हणजे हाताने पेरणी करणं. फुलं आली की लगेच, ओल्या जमिनीत, पेरापेराशी फुटलेल्या मुळांसकट उचलायची. दुधी आणि भुईआवळी या दोघींची बारीक पानं पाहून माळी त्यांना एकच समजतात. खोड मोडा: पांढरा चीक आला तर दुधी, नाही आला आणि पानांच्या खालच्या बाजूला देठाशी मोत्यांसारखी फळं लटकलेली दिसली तर भुईआवळी. छोटी दुधी तर जमिनीला इतकी चिकटून पसरते की कापणीचं पातं तिच्यावरून जातं आणि तिला काही होत नाही; उलट भोवतालचं गवत तोकडं झाल्याने तिला ऊन मिळतं. तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घोळीच्या मांसल, लालसर फांद्या उपटून तिथेच टाकल्या तर दोन सरींत पुन्हा रुजतात. केना त्याहून बेरकी. वर निळी फुलं येतातच, शिवाय मातीखाली न उमलणारी फुलं धरून तिथेच बी तयार करतो. म्हणून केना कोवळा असतानाच, बोटभर माती मोकळी करून, खालच्या पांढऱ्या फांद्यांसकट काढला तरच काढला म्हणायचा.

गवतातलं गवत हा सगळ्यात वैतागाचा प्रकार. राननाचणी हे नेहमीचं उदाहरण. बुंध्याशी पांढुरकी, चपटी, जमिनीवर चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली, आणि उपटायला गेलं तर हाताला रग लागेल इतकी घट्ट. कणसाला बोटं फुटलेली दिसतात, नाचणीसारखीच. दोघी एकाच वंशातल्या. ही जिथे दाटते तिथली जमीन बहुतेक वेळा तुडवून टणक झालेली असते: फाटकापासून दारापर्यंतचा चोरटा पायरस्ता, झोपाळ्याखालची जागा, गाडी वळवायचा कोपरा. तिथे तण काढत बसण्याऐवजी फरशा टाकाव्यात, किंवा काटा मारून जमीन भुसभुशीत करून हरळी पुन्हा लावावी. हे मत काहींना आळशीपणाचं वाटेल, पण टणक जमिनीवर हरळीचा जीव रमत नाही आणि राननाचणीचा रमतो, याला कुणाचा इलाज नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: एवढं नावगाव कशाला, एक चांगलं तणनाशक मारलं की विषय संपला. विषय तिथेच सुरू होतो. टू-फोर-डी हे रसायन रुंद पानांच्या तणांवर चालतं, हरळीला सहसा सोडून देतं, आणि लव्हाळ्याची पानं करपवलीच तर गाठींना धक्का लावत नाही. वाऱ्याने त्याचे तुषार शेजारच्या गुलाबावर किंवा टोमॅटोवर गेले की ते मात्र वाकडेतिकडे होतात आणि शेजार कायमचा बिघडतो. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं, लॉनसकट. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरताच मर्यादित केला. तेव्हा बिनलेबलच्या बाटलीतून कुणी ‘जालीम औषध’ ओतायला आला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. उसातल्या लव्हाळ्यासाठी आपले शेतकरी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात आणि ते गाठीपर्यंत पोचतं. पण घरच्या लॉनवर ते मारायचं तर लेबलावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका. सारांश काय, तर रसायन निवडायलाही आधी तण ओळखावंच लागतं, त्यामुळे ओळखीचा त्रास टाळण्यासाठी फवारणी हा युक्तिवादच लंगडा आहे. फोनवरच्या ॲपचंही तसंच. फूल आलेल्या झाडाचा फोटो दिला तर ते बरं उत्तर देतं, पण आपल्याला ओळख हवी असते ती फूल येण्याआधी, दोन-चार पानांवर असताना.

दुसरा आक्षेप मला जास्त मान्य आहे: तण तण म्हणून सगळंच कशाला काढायचं? घोळीची भाजी होते, केन्याची भजी होतात, एकदांडीवर फुलपाखरं बसतात, आंबुटीवर तर एका छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. खरं आहे. लॉन हा आपल्या हवेत मुळात पाणीखाऊ हट्ट आहे, त्यात चार रानझाडं राहिली तर आभाळ कोसळत नाही. पण काय ठेवायचं हे ठरवायलाही ओळख हवीच. गाजर गवताला ही सवलत नाही. पुण्यात १९५० च्या दशकात नजरेत भरलेलं हे झाड आज देशभर आहे. कोवळेपणी जमिनीलगत पसरलेली, बारीक कातरलेली पानं पाहून लोक त्याला शेवंती किंवा झेंडूचं रोप समजतात आणि कौतुकाने पाणी घालतात. त्याच्या स्पर्शाने कातडी उठते, परागांनी दमेकऱ्यांचे हाल होतात. पांढरी फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. यात चर्चा नको.

बाकी सल्ले कुणीही देईल ते आहेत. पाणी सकाळी द्या, रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने पण भरपूर द्या, पाण्याची डबकी होऊ देऊ नका, गवत एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. हे सगळं पाळूनही लव्हाळा आलेल्या मातीत लव्हाळा येतोच. तो थोड्याच जागेत असेल तर हातभर खोल खणून गाठींसकट माती बाहेर काढा. जास्त असेल तर पाच-सहा पानं होण्याआधी, दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता पाती काढत राहा, म्हणजे गाठीतला साठा आटत जातो. एक पाळी चुकली की आधीच्या कष्टांवर पाणी. नवं लॉन लावायचं असेल तर जमीन तयार करून, पाणी देऊन, तीन आठवडे मोकळी ठेवा, उगवेल ते काढा, मगच गादी अंथरा. एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या मातीवर चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक ताणून ठेवल्याने बियांची तणं बरीच मरतात. लव्हाळा मात्र कधीकधी प्लास्टिकला भोक पाडून वर येतो, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका.

आणि कंत्राट लेखी करा. त्यात ‘तणमुक्त माती’ असं मोघम लिहू नका. पहिल्या पावसाळ्यात लव्हाळा उगवला तर तो गाठींसकट काढून माती बदलून देण्याचा खर्च कुणाचा, हे लव्हाळ्याच्या नावानिशी लिहून घ्या. त्यावर सही करायला जो टाळाटाळ करेल त्याला आपली माती कुठून येते हे ठाऊक आहे असं समजा. दर महिन्याच्या खुरपणीच्या बिलावरही काय काढलं ते नावाने लिहून मागा. तीन बिलांवर तेच नाव आलं तर चौथ्या महिन्याचे पैसे देण्याआधी उपाय बदलायला सांगा.