अणूंच्या हालचालींचा हिशोब
(डॉ. अनीसुर रहमान यांच्या कार्यावरून घेतलेला एक पाठ)

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानावर काही लिहावे, मात्र ते घरातील सर्वांस समजावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. ज्या हैदराबादेत आपली मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली, त्याच शहरात जन्मलेल्या आणि येथील उस्मानिया विद्यापीठात शिकविलेल्या एका गृहस्थाने गणकयंत्राच्या साहाय्याने द्रवपदार्थाच्या पोटात डोकावण्याची वाट जगास दाखविली. त्यांचे नाव डॉ. अनीसुर रहमान. जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांत हे नाव आदराने घेतले जाते. सुलतान बाजारात किंवा काचीगुड्यात मात्र दहा जणांस विचारले तर बहुधा दहाही जण मान हलवतील. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्न काय होता ते पाहू. न्यूटनने १६८७ साली गतीचे नियम सांगितले. एखाद्या वस्तूवर किती बल लागते हे ठाऊक असेल तर तिचे त्वरण काढता येते. त्वरणावरून वेग आणि वेगावरून स्थान काढता येते. सूर्य आणि एक ग्रह अशा दोघांचाच प्रश्न असेल तर या नियमांवरून पुढची सारी वाट एका सूत्रात मांडता येते. तिसरा सोबती आला की सर्वसामान्य सुटसुटीत सूत्र हाती लागत नाही. मग पेलाभर पाण्यातील असंख्य रेणूंची काय कथा! घनपदार्थात अणू रांगेत बसलेले असतात, त्यामुळे हिशोब सोपा होतो. वायूत ते एकमेकांपासून दूर असतात, म्हणूनही हिशोब सोपा होतो. द्रवात मात्र ना रांग असते, ना अंतर. जत्रेतील गर्दीप्रमाणे प्रत्येक जण शेजाऱ्यास धक्का देतो आणि स्वतःही धक्का खातो. म्हणून द्रवपदार्थ हे सैद्धांतिक यामिकीचे फार दिवस अवघड दुखणे होऊन बसले होते.

जेथे सूत्र मिळत नाही तेथे अंकीय रीत कामास येते. काळाचे लहान लहान तुकडे पाडावेत, एका तुकड्यात वस्तू किती सरकली ते काढावे, नव्या ठिकाणी बल किती ते पुन्हा काढावे आणि पुढचा तुकडा घ्यावा. चुलीवरच्या दुधावर नजर ठेवणारी गृहिणी हेच करते; घडीघडीला पाहते आणि त्याप्रमाणे आच कमीजास्त करते. मात्र या रीतीत एक खोच आहे. ती सांगण्यासाठी एक उदाहरण पाटीवर मांडू. घरातील आठवी-नववीच्या मुलांनी ते स्वतः करून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

एका स्प्रिंगला लहान वजन बांधले आहे. मापे अशी निवडली आहेत की त्वरण नेहमी स्थानाइतकेच, पण उलट दिशेचे असते. वजन मधल्या जागेपासून १ अंतरावर ओढून सोडले. तेव्हा स्थान १, वेग ० आणि त्वरण उणे १. काळाचा तुकडा अर्ध्या सेकंदाचा घेऊ. हे वजन १ आणि उणे १ यांच्यामध्येच झुलत राहिले पाहिजे, कारण आपण त्यास नवी ऊर्जा दिलेली नाही.

पहिली रीत सरळ आहे. आताचा वेग अर्ध्या सेकंदाने गुणून स्थानात मिळवावा. आताचे त्वरण अर्ध्या सेकंदाने गुणून वेगात मिळवावे. असे करीत गेल्यास स्थाने येतात ती अशी: १, १, ०.७५, ०.२५, उणे ०.४४, उणे १.१९, उणे १.८३. सहाव्या पायरीस वजन उणे १ च्या पलीकडे जाऊन उणे १.८३ पर्यंत पोचले! ऊर्जा प्रत्येक पायरीस सव्वापट होत गेली आणि सहा पायऱ्यांत जवळजवळ चौपट झाली. बेरीज-गुणाकार कोठेही चुकलेला नाही. चूक रीतीत आहे. तुकड्याच्या आरंभीचा वेग संपूर्ण तुकडाभर तसाच राहतो असे आपण धरले, आणि ते खरे नव्हते.

दुसरी रीत अशी: आताच्या स्थानाची दुप्पट घ्यावी, तीतून मागचे स्थान वजा करावे आणि त्वरणास काळाच्या वर्गाने गुणून मिळवावे. पहिल्या पायरीस मागचे स्थान नसते, म्हणून तेथे १ मधून पाव भागाचे अर्धे, म्हणजे ०.१२५ वजा करून ०.८७५ घ्यावे. पुढची पायरी: १.७५ वजा १ वजा ०.२१९, म्हणजे ०.५३. याप्रमाणे स्थाने येतात: १, ०.८८, ०.५३, ०.०५, उणे ०.४४, उणे ०.८२, उणे ०.९९. आता खरी उत्तरे पाहा: १, ०.८८, ०.५४, ०.०७, उणे ०.४२, उणे ०.८०, उणे ०.९९. किंचित फरक आहे, पण वजन आपल्या मर्यादेत राहिले. शंभर पायऱ्या केल्या तरी ते राहील. अंकीय रीतीच्या शास्त्राचे मर्म या दोन ओळींच्या तुलनेत आहे. यंत्र हिशोब झपाट्याने करते, परंतु रीत चुकीची असेल तर ते चूकही तितक्याच झपाट्याने वाढवते.

आता रहमानसाहेबांकडे येऊ. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२७ रोजी हैदराबाद येथे झाला. केंब्रिज येथे त्यांनी गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि बेल्जियममधील लुव्हाँ विद्यापीठाची सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. नंतर ते मायदेशी परतले व उस्मानिया विद्यापीठात शिकवू लागले. १९१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्यालाही परके नाही. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत मराठवाड्यातील महाविद्यालये उस्मानियासच जोडलेली होती. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या पदव्यांवर त्याचीच मोहोर आहे.

१९६० साली रहमान अमेरिकेत शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तेथे न्यूट्रॉन कणांचा मारा द्रवावर केला असता ते कसे विखुरतात, या विषयावर त्यांनी प्रथम कागदावरचे सैद्धांतिक काम केले. द्रवातील अणू प्रत्यक्ष कसे हलतात हे कळल्यावाचून ते काम पुरे होण्यासारखे नव्हते. अणू डोळ्यांनी दिसत नाहीत आणि सूत्र मिळत नाही; मग गणकयंत्रातच एक लहानसा द्रव तयार करावा, असे त्यांनी ठरविले.

या वाटेवर त्यांच्यापूर्वीही काही जण चालले होते. लॉस अलामॉस येथे फर्मी, पास्ता व उलाम यांनी आणि त्यांच्यासाठी यंत्राची आज्ञावली लिहिणाऱ्या मेरी त्सिंगू यांनी एका ओळीत जोडलेल्या कणांचे कंपन यंत्रावर पाहिले होते. त्याचा अहवाल १९५५ चा आहे. आल्डर व वेनराइट यांनी १९५७ साली गोट्यांप्रमाणे कठीण, केवळ टक्कर होताच परतणाऱ्या कणांचा हिशोब केला होता. पण खरे अणू गोट्यांसारखे नसतात. फार जवळ आले तर ते एकमेकांस लोटतात, थोडे दूर असले तर ओढतात आणि बरेच दूर गेले की एकमेकांस विसरतात. असे बल धरून खऱ्या द्रवाची नक्कल करण्याचे श्रेय रहमान यांच्या १९६४ सालच्या निबंधास जाते.

त्यांनी आर्गॉन वायू निवडला. प्रयोगशाळेचे नाव आणि वायूचे नाव मराठीत सारखे दिसते, हा केवळ योगायोग. आपण श्वासात घेतो त्या हवेचा सुमारे एक टक्का भाग आर्गॉनचा असतो. त्याचे अणू एकेकटे राहतात, म्हणून हिशोबास सोयीचे. तपमान ९४.४ केल्व्हिन, म्हणजे सुमारे उणे १७९ अंश सेल्सिअस, जेथे आर्गॉन द्रवरूप असू शकतो. अणू घेतले ८६४. इतक्या थोड्या अणूंचा थेंब घेतला तर बहुतेक अणू भिंतीलगतच येणार. म्हणून पेटीची योजना अशी की एका बाजूने बाहेर पडलेला अणू समोरच्या बाजूने त्याच वेगाने आत यावा. त्यामुळे भिंत उरतच नाही. काळाचा तुकडा केवढा? एका सेकंदाचे एक कोटी भाग करावेत आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, एवढा. तेवढ्या अवधीत अणू आपल्या रुंदीचा सुमारे शंभर-दीडशेवा भाग सरकतो.

८६४ अणूंच्या जोड्या होतात ३,७२,८१६. प्रत्येक तुकड्यास या जोड्यांची अंतरे पाहायची, जवळच्या जोड्यांचे बल काढायचे आणि साऱ्या अणूंस एक पाऊल सरकवायचे. हे काम सी. डी. सी. ३६०० या यंत्राने केले. प्रथम अंदाज घ्यावा, मग नव्या बलावरून तो दुरुस्त करावा, अशी रीत रहमान यांनी वापरली. वर दिलेली आपली दुसरी रीत फ्रान्सच्या लू व्हर्ले यांनी १९६७ साली या कामात आणली व ती फार लोकप्रिय झाली.

फलित काय निघाले? एका अणूभोवती किती अंतरावर किती शेजारी असतात, याचा आलेख प्रयोगाशी चांगला जुळला. अणू आपली जागा सोडून किती वेगाने पसरतात, हा आकडा प्रयोगापेक्षा १५ टक्के कमी आला. येथे आम्हांस शिक्षक म्हणून थांबावेसे वाटते. हे १५ टक्क्यांचे उणेपण रहमान यांनी निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत दडविले नाही. आरंभीच्या सारांशातच, यशाच्या वाक्याला लागून लिहिले. वहीतील खाडाखोड पाहून रागावणारे आम्ही मुलांस हे शिकवितो काय?

पुढे १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी २१६ रेणू घेऊन पाण्याचीच नक्कल केली. १९८० च्या सुमारास मिकेले पारिनेल्लो यांच्याबरोबर त्यांनी पेटीचा आकारही बदलू शकेल अशी रीत काढली; तीमुळे स्फटिक दाबाखाली एक रचना सोडून दुसरी कशी घेतो, हे पाहता येऊ लागले. १९७७ साली त्यांस अमेरिकन फिजिकल सोसायटीचे लँगम्यूर पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ६ जून १९८७ रोजी निवर्तले. त्याच सोसायटीतर्फे १९९३ पासून संगणकीय भौतिकशास्त्राचे एक पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाते. आज औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनास कसा चिकटतो हे पाहणारे संशोधकही, पेटी, पाऊल आणि बल या त्याच त्रयीवर काम करतात. फक्त अणूंची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली आहे.

आता थोडे आपल्या घरचे बोलू. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगी गणित घेऊन पदवी करावी काय, असे विचारण्यास आली होती. वडील शिवणकाम करीत. ज्यांच्याकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला त्यांनी विचारले, "गणित शिकून पुढे काय होणार?" तिच्याजवळ उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर आमच्याजवळही नव्हते. आम्ही तिला नोकरी लवकर देणारा अभ्यासक्रम सुचविला. ती मुलगी आज सुखात आहे आणि भेटली की आदराने "सर" म्हणून हाक मारते. पण तिच्या त्या प्रश्नास आम्ही पुरता न्याय दिला नाही, ही गोष्ट मनात राहून गेली आहे. त्या दिवशी आम्हांस रहमानसाहेबांचे चरित्र ठाऊक असते तर निदान एक उत्तर देता आले असते. हिशोबाची वही हाती धरून याच शहरातला एक मनुष्य द्रवाचे रहस्य उलगडू शकला, असे तिला सांगता आले असते. निवड मग तिने केली असती, आम्ही नव्हे.

वैद्यक व अभियांत्रिकी घेणाऱ्या मुलांस आपला न्यास साहाय्य करतो, ते योग्यच आहे. या महोत्सवी वर्षात मूलभूत शास्त्र शिकू इच्छिणाऱ्या एका मुलासाठी किंवा मुलीसाठीही एक शिष्यवृत्ती ठेवावी, असे आम्ही विश्वस्तांस नम्रपणे सुचवितो. तिच्या अर्जात "पुढे काय होणार?" हा रकाना नसावा, "तुम्हांस काय जाणून घ्यायचे आहे?" हा असावा.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एक विनंती. आज हातातल्या मोबाइलवर वरचा स्प्रिंगचा हिशोब क्षणात होतो. तरीही एका संध्याकाळी मुलांस चौकटीची वही द्यावी आणि दोन्ही रीतींनी सहा-सहा पायऱ्या हाताने करू द्याव्यात. पहिल्या रीतीत उणे १.८३ आले म्हणजे मूल म्हणेल, "माझे चुकले." तेव्हा लगेच खोडरबर देऊ नये. "बेरीज तपासून पाहा, बरोबर असेल तर मग काय चुकले असेल?" एवढेच विचारावे आणि थांबावे. मूल विचार करू लागले म्हणजे आमचा पाठ पुरा झाला असे समजावे.