नव्या कांचपेटींतील शेवाळखाऊ माशांचें खाणें

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें कांचेच्या पेटींत शोभेचे मासे पाळण्याचा प्रघात अलीकडे बराच वाढला आहे. अशा माशांस शहरांत गिऱ्हाईक असल्यामुळें भिवंडी, शहापूर, मुरबाड ह्या बाजूच्या बागायतदारांनीं जोडधंदा म्हणूनही ह्या विषयाकडे पाहण्यासारखें आहे. नवी पेटी घेणारास दुकानदार बहुधा एक-दोन ‘सकर’ मासे घेण्याचा आग्रह करतो. हे मासे शेवाळ खाऊन कांच साफ ठेवतात, सबब त्यांस निराळें खाणें घालावें लागत नाहीं, अशी समजूत सर्वत्र आढळते. पुढें आठ-पंधरा दिवसांत मासे मरतात, आणि मालक पाण्यास किंवा आपल्या हातगुणास दोष देतो. वास्तविक पुष्कळ वेळां मासा उपासमारीनें मेलेला असतो. नव्या पेटीची कांच लखलखीत, दगड धुतलेले व पाणी निवळशंख असतें. म्हणजेच शेवाळावर जगणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीनें तेथें उघडा कातळ असतो. कातळावर गुरें सोडून तीं धष्टपुष्ट होण्याची वाट पाहणारा शेतकरी आपणांस हास्यास्पद वाटेल. माशांच्या बाबतींत मात्र तीच गोष्ट सर्रास घडते. आधीं कुरण, मग जनावर, हा गोपालनाचा नियम येथेंही तितकाच लागू आहे.

हे मासे नक्की काय खातात

पाण्यांतील जुन्या दगडावर किंवा लाकडावर हात फिरविला असतां बुळबुळीत थर हातास लागतो. त्यांत सूक्ष्म शेवाळ, जंतु व अति बारीक जीव एकत्र नांदत असतात. हा थर ओठांनीं व बारीक दांतांनीं खरवडून खाणें हा ह्या माशांचा धर्म होय. असें अन्न घासागणिक थोडेंच पोषण देतें. म्हणून ह्या माशांचें आंतडें लांब असतें व ते दिवसाचा पुष्कळ वेळ चरत असतात. दिवसांतून एकदां चिमूटभर खाणें टाकून इतर माशांचें भागतें, तसें ह्यांचें भागत नाहीं.

सर्वच शेवाळ त्यांस रुचतें असेंही नाहीं. नव्या पेटींत पहिल्या कांहीं आठवड्यांत कांचेवर जो तपकिरी धुरळ्यासारखा थर धरतो, तो डायटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचा असून तो मासे आवडीनें खातात. मऊ हिरवा थरही त्यांस चालतो. परंतु कांचेवरील कठीण हिरवे ठिपके व काळपट केसाळ शेवाळ ह्यांस बहुतेक मासे तोंड लावीत नाहींत. नील-हरित शेवाळाचीही तीच गत आहे. भातखाचरांतील नत्र वाढविण्यास हें शेवाळ कारण होतें असें पी. के. डे ह्यांनीं १९३९ सालीं दाखवून दिलें. खाचरास तें हितकर असलें तरी पेटींतील त्याची बुळबुळीत चादर ह्या माशांचें अन्न नव्हे. तसेंच, पेटीवर थेट ऊन पडल्यानें पाणी हिरवें झालें तर अन्न उत्पन्न झालें असें समजूं नये. तें शेवाळ पाण्यांत तरंगणारें असतें, आणि खरवडून खाणाऱ्या तोंडास त्याचा उपयोग नाहीं.

जातीची निवड

बाजारांत ‘सकर’ ह्या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या जाती विकल्या जातात. त्यांतील मोठा ठिपकेदार सकर बोटभर असतांना घेतला तरी पुढें फूट-दीड फूट वाढतो. लहान पेटीस तो कधींही योग्य नाहीं. पिंवळसर रंगाचा चिनी शेवाळखाऊ मासा लहानपणीं शेवाळ खातो, पण मोठेपणीं भांडखोर बनतो व दुसऱ्या माशांच्या अंगावरील बुळबुळीत आवरण चोखूं लागतो. ब्रिसलनोज ही जात सुमारें पांच इंचांपर्यंत वाढते, पाळलेल्या स्थितींत अंडीं घालते आणि भाजी लवकर खाऊं लागते. नवशिक्यानें हीच घ्यावी.

सर्वांत चोखंदळ जात ओटोसिंक्लसची. हा दीड इंचाचा मासा दक्षिण अमेरिकेंतील नद्यांतून धरून आणतात. प्रवासांत त्यास खाण्यास मिळत नाहीं, त्यामुळें दुकानांत येतो तेव्हांच तो पुष्कळदां अर्धमेला असतो. पेटी निदान तीन महिन्यांची जुनी झाल्याशिवाय तो आणूं नये, व आणणें झाल्यास पांच-सहांचा गट आणावा.

आपल्या सह्याद्रींतही ह्या प्रकारचा मासा आहे. खडकाळ ओढ्यांत दगडास चिकटून राहणारा व त्यावरील थर खरवडणारा मळ्या मासा कर्नल साइक्स ह्यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना १८३९ सालीं शास्त्रास परिचित करून दिला, आणि मराठी नांवच त्यास ठेविलें. आज त्याचें शास्त्रीय नांव गारा मुल्या असें आहे. हा मासा खाण्याच्या बाबतींत ओटोसिंक्लसइतका हट्टी नसतो. मात्र त्यास वाहतें, गार व हवेशीर पाणी हवें, आणि तो उडी मारीत असल्यामुळें पेटीस घट्ट झांकण हवें.

पाण्यास विरजण

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटींत सुमारें ७० लिटर पाणी मावतें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें उघड्या भांड्यांत पंपानें हवा सोडून २४ तास ठेवावें. पाणी घातल्याबरोबर मासे सोडूं नयेत. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या खाण्यांतून अमोनिया उत्पन्न होतो, व तो त्यांस विष आहे. शेतांत शेणखत कुजतांना मातींतील जंतु ज्याप्रमाणें अमोनियाचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात, त्याचप्रमाणें पेटींतील गाळणीच्या स्पंजावर तेच कार्य करणारे जंतु वाढावे लागतात. ह्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. ह्या अवधींत रोज चिमूटभर माशांचें खाणें पाण्यांत टाकून जंतूंस खुराक द्यावा. एखाद्या जुन्या व निरोगी पेटींतील स्पंजाचा तुकडा गाळणींत ठेविल्यास, दुधास विरजण लाविल्याप्रमाणें काम लवकर होतें. पाणी तपासण्याच्या संचानें अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही शून्य दिसूं लागले, म्हणजे पाणी तयार झालें असें समजावें.

दगडांचें कुरण

पाणी तयार होत असतां कुरणही तयार करावें. हाताच्या पंजाएवढे गुळगुळीत काळे दगड दहा-बारा घेऊन ते घासून धुवावे. एका पसरट घमेल्यांत पेटींतीलच पाणी घेऊन त्यांत ते ठेवावे व घमेलें उन्हांत मांडावें. आटेल तितकें पाणी रोज घालावें, आणि डासांच्या अळ्या होऊं नयेत म्हणून वर बारीक जाळी बांधावी. आठ-पंधरा दिवसांत दगडांवर तपकिरी-हिरवा थर धरतो. मग अर्धे दगड पेटींत ठेवावे. ते चरून साफ झाले म्हणजे बाहेरचे आंत व आंतले बाहेर करावे. पाळीपाळीनें कुरण राखून चारण्याचीच ही रीत होय. पावसाळ्यांत ऊन नसल्यामुळें थर उशिरा धरतो. तेव्हां दगडांचे तीन गट करावे.

दगड कोठून आणावे ह्याविषयीं दक्षता हवी. वालधुनी नदींत व उल्हासच्या खालच्या भागांत कारखान्यांचें व वस्तीचें सांडपाणी मिसळत असल्यामुळें तेथील दगड घेऊं नयेत. खाडींतील दगडही नकोत. आपल्या शेतांतील कोरडे दगड सर्वांत बरे.

दगडांबरोबर देशी बदामाचीं झाडावरून वाळून पडलेलीं दोन-तीन पानें धुऊन पेटींत टाकावीं. तीं कुजूं लागलीं म्हणजे त्यांवरही खाण्याजोगा थर धरतो. पाण्यास थोडा चहासारखा रंग येतो, त्याची भीति नाहीं. ब्रिसलनोज माशासाठीं पाण्यांत मुरलेलें लाकूड ठेवावें, तें तो खरवडीत राहतो.

भाजीपाल्याची संवय

कुरण कितीही राखलें तरी लहान पेटींत तेवढ्यावर मासे पोसत नाहींत. म्हणून भाजीची संवय लावावी. काकडी, दुधी व दोडका ह्यांच्या पाव इंच जाडीच्या चकत्या, पालकाचीं पानें किंवा सोललेला मटार उकळत्या पाण्यांत एक-दोन मिनिटें धरून गार करावा. असें केल्यानें भाजी मऊ होते व तळाशीं बसते. चकती दगडाखालीं दाबून, दिवा मालवल्यावर ठेवावी. कारण ह्यांतील पुष्कळ मासे लाजाळू असून काळोखांत खाण्यास बाहेर पडतात, व चपळ माशांकडून तेव्हां त्यांचा घांस हिरावला जात नाहीं. उरलेली चकती सकाळीं न चुकतां काढावी. तसें न केल्यास पाणी नासून अमोनिया वाढतो. म्हणजे उपासमार टाळण्याच्या नादांत विषबाधा ओढवते.

पहिले दोन-तीन दिवस मासा भाजीकडे फिरकत नाहीं. त्यास ती अन्न म्हणून ओळखतांच येत नाहीं. येथें पुष्कळजण धीर सोडून रोज नवा पदार्थ टाकतात. तसें न करितां एकच भाजी, एकाच जागीं, एकाच वेळीं, निदान आठवडाभर ठेवावी, व ह्या काळांत दगडांचें कुरण भरलेलें असूं द्यावें. एक मासा खाऊं लागला कीं त्याचे पाहून दुसरेही येतात.

हट्टी माशांसाठीं पुढील लेप करावा. शिजविलेला पालक व मटार वाटून त्यांत थोडी स्पिरुलिनेची भुकटी मिसळावी; चिनी गवत पाण्यांत उकळून त्यांत हें मिश्रण घालावें, दगडावर पातळ माखावें व थिजूं द्यावें. अन्न दगडावर मिळाल्यानें माशास तें ओळखीचें वाटतें.

भाजी फवारणी केलेल्या वाफ्यांतील कदापि नसावी. विशेषतः पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें माशांस अत्यल्प प्रमाणांतही मारक होतात. परसांत दोडक्याचा एक वेल बिनफवारणीचा राखणें शेतकऱ्यास कठीण नाहीं, आणि ही सोय शहरवासीयांस नाहीं.

भूक कशी ओळखावी

मासा कांचेस चिकटला असतां त्याचें पोट बाहेरून स्पष्ट दिसतें. तें किंचित् फुगीर असल्यास ठीक. सपाट असल्यास खाणें वाढवावें. आंत ओढलेलें असून डोळेही खोल गेले असल्यास मासा वांचण्याची आशा थोडी. विकत घेतांना हीच परीक्षा दुकानांत करावी, व खपाट पोटाचा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. हिरवट-तपकिरी विष्ठेचे धागे दिसणें ही मासा खात असल्याची खूण होय. आठवड्यास एकदां चौथा हिस्सा पाणी, म्हणजे वरील पेटींत सुमारें १५ ते १७ लिटर, बदलावें. कांच घासतांना पुढची बाजू तेवढी साफ करावी व मागची तशीच सोडावी.

हंगाम व एक इशारा

एप्रिल-मे महिन्यांत कल्याण-डोंबिवलीकडे उष्मा फार असतो. पाणी २० अंशांवर असतां एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, तर ३० अंशांवर तो साडेसातच राहतो. भुकेला मासा हा ताण सोशीत नाहीं. सबब पावसाळा संपल्यावर पेटी मांडावी, मार्गशीर्षाच्या सुमारास मासे आणावे, म्हणजे उन्हाळ्यापूर्वीं ते खाण्यास सरावतात.

शेवटीं, पेटींत न मावणारा सकर मासुंदा किंवा उपवनसारख्या तलावांत, नदींत वा शेततळ्यांत कधींही सोडूं नये. असे सोडलेले मासे भारतांतील अनेक जलाशयांत वाढले असून ते स्थानिक माशांचें अन्न बळकावतात. ह्या जातीचे नर विणीच्या वेळीं कांठांत बिळें कोरतात, त्यामुळें मातीचे बांध ढांसळतात. बांधाची किंमत शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. आपल्या पेटींत किती चारा पिकेल हें आधीं पाहून तेवढींच तोंडें आणावीं, म्हणजे असा मासा कोठें सोडावा हा प्रश्नच उद्भवणार नाहीं.